छप्पर निळं, घर लाल

आटपाट नगर बिगर काई न्हवतं बाई, सरळ सांगते, देगलूरच्या अल्याड आमचं खेडं, तिथं एक म्हातारी व्हती, तिला दोन ल्योक व्हते, थोरला किशनराव, धाकला व्यंकटी, दोघाच्या दोन बायका, थोरली मंजुळा, धाकली उज्वला, आन् चूल... चूल एकच व्हती! हे ध्यानात ठिवा, चूल एकच. साऱ्या गावात भाऊ भाऊ येगळे झाले, अंगनात भिंती घातल्या, न्हानीला बी दोन दारं पाडली, पन आमच्या घरातला धूर निघायचा तो एकाच जागेहून, आन् त्या म्हातारीचा, म्हंजे माझाच वो, दुसरं कोन, साखराबाईचा सारा ताठा त्या एका धुरावर व्हता. आन् ती चूल मोडायला कोन यावं? भावकी न्हाई, कोर्ट न्हाई, कुनाची करनी न्हाई... स्पॅनिश! तुमाला सांगते, स्पॅनिश आली! सात समुद्रापल्याडची भाषा, तिनं येऊन माझ्या चुलीत पानी वतलं! आवं, बोलायला तोंड लागतं का चिठ्ठ्या लागत्यात? तुमीच सांगा!

तर आमची आरती. थोरल्याची लेक. चार वर्साची व्हती तवा नांदेडला मामाकडं ठिवली, इंग्रजी शाळेत, तिथून हैदराबादला, आन् आता लेकराचं असं झालंय की तिला सपान बी इंग्रजीत पडतंय. मराठी बोलती, न्हाई असं न्हाई, पन पावन्यासारखी बोलती, एक एक शब्द चप्पल काढून आत आल्यावानी. हैदराबादच्या एका कंपनीत तिला नौकरी लागायची व्हती, म्हनून गावी परत आली, घरी बसून फोनवर बोलायची, पन फोन येनार स्पॅनिश बोलनाऱ्या लोकाचे. म्हंजे आधी ती भाषा शिकायची, मग त्या लोकाच्या मुलखातल्या एका बाईफुडं परीक्षा द्यायची, मग नौकरी. आन् ही शिकायची कशातून? तर इंग्रजीतून! म्या म्हनलं, "बाई, उमरीला जायाचं तर सरळ उमरीची गाडी धर की, लातूरला वळसा घालून कामून जाऊन राहिली?" तर म्हनती, "आजी, मला इंग्रजीतूनच समजतं." घ्या! नात माझी, दूध आमच्या गाईचं, आन् समज इंग्रजीतून!

बरं शिकायचं तर शिक. पन भाषा शिकायची म्हंजे काय, चार मानसात बसायचं, शिव्या खायच्या, दोन द्यायच्या, झाली भाषा. हिचं तसं न्हाई. हिनं पहिले भाषेची खांडोळी केली! खाटकानं बोकड तोडावा तशी! हे नाम, हे सर्वनाम, हे विशेषन, हे क्रियापद. म्या इचारलं, "नाम म्हंजे काय गं?" म्हनती, "वस्तूचं नाव." "विशेषन?" "ती वस्तू कशी हाय ते सांगायचं." म्हनलं हात्तिच्या, म्हंजे नावं ठिवायची! ते तर तुझी चुलती बिगर शिकता करती, सकाळपासून! "आन् क्रियापद?" "काम, आजी. करायचं ते." म्हनलं, मग कर की माय! भांडे पडलेत तिथं! तर हसती. आन् सर्वनाम म्हंजे म्हने नाव न घेता नावाच्या जागी बोलायचं. म्या म्हनलं, हे तेवढं मला नगं शिकवूस. सारा जलम मालकाचं नाव तोंडातून काढलं न्हाई, "हे आले", "हे जेवले", "ह्यान्ला ताप आला", आख्खा संसार सर्वनामावर रेटला, आन् तू मला शिकवती?

इथपर्यंत बी चाललं असतं. पन हिच्या शिकवनाऱ्यानं फोनमधून सांगितलं, घरातल्या वस्तूला चिठ्ठ्या लावा, येता जाता वाचा, म्हंजे ध्यानात ऱ्हाईल. झालं! त्या स्पॅनिशमधी म्हने वस्तू बी बाई असती न्हाई तर बाप्या असतो, आन् इंग्रजीत तसलं काई नसल्यामुळं हिच्या डोक्यात ते बसंना. म्हनून बाईला लाल चिठ्ठी, बाप्याला निळी. आन् कामाच्या पिवळ्या. बोलायला तोंड लागतं का चिठ्ठ्या लागत्यात? पन ऐकतंय कोन! सकाळी उठून खळीची वाटी घेतली आन् सुटली घरभर, जनगनना करनाऱ्या मास्तरीनीवानी.

घराच्या दाराला लाल. घर म्हने बाई हाय. बरं. छपराला निळी! म्या म्हनलं, "गं, घर बाई आन् तिच्या डोक्यावरचं छप्पर बाप्या?" म्हनती, "हाव आजी, तसंच हाय." विहीर निळी, विहिरीवरची मोटार लाल. कुलूप निळं, किल्ली लाल! बैल निळा हे समजलं, पन बैलगाडी लाल. फटफटी लाल, बांधावरचा आंबा निळा. देव्हाऱ्यातल्या देवाला निळी. रांजनाजवळ आली आन् आडली. म्हनती, "पान्याचं जरा आडमुठं हाय आजी, हाय बाई पन वागतं बाप्यासारखं." आन् त्याला दोन्ही चिठ्ठ्या लावल्या, लाल बी आन् निळी बी. पिवळ्या कुठं लावल्या असतील? साऱ्याच्या साऱ्या सैपाकघरात! दळनं, कांडनं, थापनं, घासनं, वाढनं, निवडनं... भिंत पिवळी झाली हळद लावल्यावानी. पुरुषाच्या बैठकीत किती? दोन. एक बसनं, एक झोपनं! ते मात्र लेकरानं बराबर वळखलं.

आन् सगळ्यात शेवटी आली माझ्याकडं, आन् माझ्या पदराला, टाचनीनं... लाल! "हे काय गं?" "आजी. तू पन नाम हाईस." आन् त्या लालच्या बाजूला एक हिरवी. "आन् ही?" तर हळूच म्हनती, "विशेषन... म्हातारी." म्या ती हिरवी काढून चुलीत घातली! लाल ऱ्हाऊ दिली, लेकराचं मन कशाला मोडा. तितक्यात तिच्या हातात एक पांढरी उरली. "ही कशाची?" म्हनती, "आमी. आमी सगळे. ही कुठं लावू?" म्या म्हनलं लाव चुलीच्या वर. लावली. आन् फोनचा कॅमेरा बिघडला म्हनून फोन घेऊन देगलूरला निघून गेली. दुसऱ्या दिशी परीक्षा व्हती ना, तोंड दिसाया पायजे तिकडच्या बाईला.

ती गेली आन् नागप्पा आला.

आता नागप्पा म्हंजे कोन ते सांगते. शेजारी. मानूस वाईट न्हाई, पन गावात कुनाची बी वाटनी असू द्या, नागप्पा पहिला पाटावर. मोजायची दोरी त्याची सोताची हाय! लग्नाला बोलावलं न्हाई तर त्याला राग येत न्हाई, पन वाटनीला बोलावलं न्हाई तर सहा महिने बोलत न्हाई. त्यो आला ताक मागायला. दारात लाल पाह्यली. वर निळी पाह्यली. गोठ्यात गेला, गाईच्या शिंगाला लाल, बैलाच्या शिंगाला निळी. ताकाचा तांब्या तिथंच ठिवला आन् डोळ्यात पानी आनून म्हनतो, "साखरव्वा... वाटनी काढली? आन् मला सांगितलं बी न्हाई?"

म्या म्हनलं, "आरं मुडद्या, वाटनी कशाची, पोरीचा अभ्यास हाय त्यो!"

"इल्ला, इल्ला," त्यो म्हनतो, त्याच्या कानडीत, न्हाई न्हाई म्हनून मुंडी हालवतो, "मला नगं शिकवू यव्वा. लाल एकाची, निळी एकाची. आन् वर लिवलंय ते इंग्रजीत. इंग्रजी म्हंजे कोर्ट!" मग देव्हाऱ्याफुडं गेला, लई वेळ देवाकडं पाह्यलं, आन् कपाळावर हात मारून घेतला. "समजलं! देव थोरल्याकडं जातो ही आपली रीत. देवाला निळी. म्हंजे निळं सारं किशनरावचं, लाल सारं व्यंकटीचं!" काय दिमाग पाहा! हे डोकं शेतीत लावलं असतं तर आज टॅक्टर दारात असता. आन् ताक न घेताच गेला... थेट शेताकडं!

दोघं भाऊ शेतातून आले ते धापा टाकीत. आता इथं ऐका, इथं माझा खरा राग हाय. मला वाटलं, येतील, म्हनतील, आये, हे काय, वाटनी कामून, आमी कवा मागितली? न्हाई! एकानं बी इचारलं न्हाई हो! थोरला आला, दाराकडं पाह्यलं, छपराकडं पाह्यलं, आन् पहिला शब्द काय? "आन् मला नुस्तं छप्पर?"

"घर व्यंकट्याला आन् मला पत्रे? म्या काय कबुतर हाय का वर बसायला?"

तर धाकला म्हनतो, "दादा, तुला विहीर दिली की! माझ्याकडं नुस्ती मोटार. मोटार काय दुधात बुडवू?"

"विहीर हाय पन मोटार तुझी! पानी काय तोंडानं वढू?"

"आन् आंबा? आंबा तुझा? खत कुनी घातलं त्याला?"

"फटफटी तुझ्याकडं गेली ते न्हाई दिसलं?"

"कुलूप तुझ्याकडं हाय! निस्ती किल्ली घेऊन म्या काय कानात घालू?"

म्या मधी उभी, बोंबलून राहिले, "आरं अभ्यास हाय त्यो! स्पॅनिश हाय ती! घर बाई हाय म्हनून लाल हाय!" तर व्यंकटी मलाच म्हनतो, "आये, तू गप. घर बाई हाय म्हनं! तुला दादानं शिकवून ठिवलंय." आन् किशनराव म्हनतो, "शिकवलं असंल तर तुला! लाल चिठ्ठीवाली हाय ती, तुझ्याच पार्टीची!"

झालं. तवा दोघाचं ध्यान माझ्या पदराकडं गेलं. लाल.

दोघानं जवळ येऊन पाह्यली. मग थोरला हळू म्हनतो, "हां, ते बराबर हाय. माय धाकल्याकडंच असती, रीतच हाय." आन् धाकला, ज्याला म्या पाच वर्साचा होऊस्तर अंगावर पाजला, त्यो म्हनतो, "रीत हाय तर मग आंबा बी मला पायजे. नुस्ती माय आन् आंबा न्हाई, असं कसं जमंल?" ऐकलं? माझ्यावर वरताळा मागतो! भाजीवर कोथमीर मागावी तसा माझ्यावर आंबा! आंबा बी कसला, एक साल फळतो, एक साल कावळे बसवतो! म्या जलमले तवापासून इतकी सस्त्यात कवाच गेले न्हवते बाई!

आन् सुना? त्या गप. त्या गप असल्या का समजायचं, काम चालू हाय. म्या जरा टेकले, डोळा लागला आसंल, उठून पाहाते तर फटफटी निळी! मंजुळानं बदलली. तिकडं आंबा लाल, उज्वलाची करामत. विहीर लाल, मोटार निळी, घराच्या दाराला निळी, छपराला... छप्पर दोघीला बी नको, त्याला कुनी हात लावला न्हाई. गाईच्या शिंगाला तर इतक्यांदा खळ लागली की गाय चाटून राहिली. आन् तोंडावर बोलनं काय गोड! "अक्का, च्या घेता का?" "नगं गं, तू घे." हातात खळ, तोंडात साखर! आन् माझी लाल? ती मात्र जिथल्या तिथं. मला बदलून घ्यायला कुनीच आलं न्हाई. आन् चुलीवरची ती पांढरी, आमी सगळे, ती बी जागेवरच. तिच्यात कुनाला काय भेटनार हाय?

सांजच्याला आरती आली. म्या तिला हाताला धरून भावाभावाच्या मधी उभं केलं, म्हनलं सांग ह्यान्ला. तिनं सांगितलं. नाम काय, बाई काय, बाप्या काय, परीक्षा काय. दोघानं ऐकून घेतलं. "हाव का?" म्हनले. "असं हाय का?" म्हनले. म्हनलं सुटले बाई... तर किशनराव मिशीला हात लावून म्हनतो, "बरं. पन आता विषय निघालाच हाय, तर एकदा होऊनच जाऊ द्या." आन् धाकला म्हनतो, "हाव दादा. कवा तरी करायचंच हाय." आन् दोघाचं सकाळपासून पहिल्यांदा एकमत झालं! नागप्पाला निरोप गेला, उद्या दोरी घेऊन ये. त्या दिशी म्या जेवले न्हाई. कुनी जेव बी म्हनलं न्हाई.

आन् ती पोर, तिला चिठ्ठ्या हालल्या हे मालूमच न्हाई! दुसऱ्या दिशी परीक्षेच्या आधी घरभर फिरून पाठ करून राहिली, हे लाल, हे निळं, हे लाल... मला बी सुधरलं न्हाई सांगायचं, माझं डोकं चुलीत व्हतं.

परीक्षा सुरू झाली. फोन रांजनाला टेकवून ठिवला, आरती समोर, म्या बाजूला, कारन घरात तेवढीच एक जागा व्हती जिथं भांडन न्हवतं. फोनात तिकडची बाई, माझ्याच वयाची आसंल थोडी अल्याड, केस कापलेले, चष्मा नाकावर. तिनं एक इचारलं, आरतीनं सांगितलं. बाईनं भिवया चढवल्या. दुसरं इचारलं, आरतीनं सांगितलं, बाईनं चष्मा काढला. लेकराचं तोंड पांढरं पडत चाललं. म्या वळखलं, विहीर चुकली, घर चुकलं, सारं चुकलं, सुनांनी नौकरी खाल्ली पोरीची! आन् तितक्यात वर... धाड! धडाड! नागप्पा छपरावर चढलेला, दोरी घेऊन, पत्रे मोजायला! खाली दोघं भाऊ, "तिकडून धर!" "तिकडून कामून, इकडून धर!" पत्र्याची धूळ सारी आरतीच्या डोक्यावर, फोनवर, रांजनात!

बाईनं घाबरून इचारलं कायतरी. भूकंप हाय का म्हनली म्हने.

आन् मग तुमाला सांगते, माझी नात उठली. तिचं नाक लाल झालं, मालकाचं व्हायचं तसं. तिनं वर हात केला, खाली हात केला, दोघा भावाकडं केला, गाईकडं केला, चुलत्याची नक्कल केली, बापाची केली, माझ्या पदराची लाल चिठ्ठी फोनला लावून दाखवली, आन् बोलली, बोलली, बोलली! थांबली न्हाई! त्या भाषेतला एक शब्द मला येत न्हाई पन सारं समजलं. हे छप्पर म्हनली, ही विहीर म्हनली, हे माझे बाप म्हनली, हे गाढव म्हनली! नाम, सर्वनाम, विशेषन सारं एका घमेल्यात कालवून फेकत व्हती, विशेषनाची हिरवी चिठ्ठी तर एक बी शिल्लक ठिवली न्हाई! बोलायला तोंड लागतं का चिठ्ठ्या लागत्यात? तोंड! तोंड लागतं, आन् तोंडाला राग लागतो!

तिकडची बाई आधी गप ऐकत व्हती. मग हसली. मग अशी हसली की चष्मा पडला तिचा. डोळे पुसत म्हनली, त्या दोघाला बोलीव.

दोघं आले. आता घरात वाघ असलेले हे, पन परक्या बाईफुडं? शर्टाचे बटन लावले, टोपी सारखी केली, लगीन झालेल्या नवरदेवावानी चिटकून बसले. बाईनं इचारलं, आरतीनं मराठीत सांगितलं, "बाबा, काका, त्या विचारून राहिल्या, छप्पर कोनाचं?"

किशनरावनं व्यंकटीकडं पाह्यलं. व्यंकटीनं जमिनीकडं. वर नागप्पा दोरी धरून वाट पाहून राहिला.

"कुनाचं म्हंजे..." किशनराव म्हनतो, घाम पुसत, "आपलंच की. दोघाचं. तसलं काई न्हाई म्हनावं, वाटनी बिटनी... गळतं कुठं ते पाहून राहिलो जरा." आन् व्यंकटी लगेच, "हाव हाव, गळतंय." आन् वर मान करून वरडला, "नागप्पा, सापडलं का भोक?"

वरून नागप्पा रडक्या आवाजात, "सापडलं."

पास झाली पोर. मार्क तर गेलेच, लाल निळं सारं उलटं सांगितलं व्हतं. पन ती बाई म्हनली म्हने, ह्या कामात फोनवर दिवसभर चिडलेले लोक येत्यात, चिडून न थांबता बोलनारी मला पहिल्यांदाच भेटली, हिला उद्यापासून बसवा. बसवली. बैठकीतली "झोपनं"ची चिठ्ठी काढून तिथं तिचं टेबल लावलं. आन् ती बाई दर सोमवारी फोन लावती, कामाचं पहिले इचारत न्हाई, पहिले इचारती, छप्पर कसं हाय? आन् सोमवार आला की हे दोघं आंघूळ करून, शर्ट घालून, बाजूबाजूला येऊन बसत्यात, आन् म्हनत्यात, हाय, हाय, चांगलं हाय. आता सात समुद्रापल्याड जबान दिली, मोडायची कशी? नागप्पा तेवढा सहा महिने बोलत न्हाई.

तर असं देवानं आमच्या घराचं चांगलं केलं, पोरीचं भलं झालं, चूल एकच ऱ्हायली, धूर एकाच जागेहून निघतो. तुमचं बी असंच चांगलं होवो, पन हे असं नगं व्हायला! साऱ्या चिठ्ठ्या धुवून काढल्या, रांजनाच्या दोन तेवढ्या निघता निघंनात, लाल बी आन् निळी बी. आता म्या बाजंवरून हाक मारते, "आरं, पानी द्या कुनी!" मराठीत मारते, थोडी तेलगूत मारते, आता आरतीनं शिकवलं म्हनून स्पॅनिशमधी बी मारते. थोरली म्हनती, लाल हाय त्याला, उज्वला देईल. धाकली म्हनती, निळी बी हाय, अक्का देतील.

दोघीचं हाय ना पानी... उठते, मीच घेते.